फायबरचा ट्रेलर दर पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात गळतोय? सिलिकॉनची ट्यूब उघडायच्या आधी हे वाचा

आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची राहायची खोली, चौदा फुटी, फायबरचा, गुहागरच्या बाजूला आमच्याच वाडीत उभा असतो, समुद्र चालत दहा मिनिटांवर. प्रॉब्लेम असा की पाऊस लागला की मागच्या बेडच्या डाव्या कोपऱ्यात गादीखाली पाणी. पहिल्या वर्षी वाटीभर असेल, दुसऱ्या वर्षी खालचं प्लाय काळं पडलं, तिसऱ्या वर्षी गादी उचलली तर बुरशीच्या वासाने बायको बाहेरच गेली आणि म्हणाली आता हे नीट होईपर्यंत मी यात झोपणार नाही. आणि मी काही केलं नाही असं नाही हो. दर मे महिन्यात आगोटीची कामं निघतात, घराची कौलं परतून झाली, लाकडं भरून झाली की शिडी लावून सिलिकॉनची ट्यूब घेऊन ट्रेलरभोवती फिरायचो, जिथे जिथे फट वाटेल तिथे भरायचो. मृगाचा पहिला पाऊस कोरडा जायचा, वाटायचं झालं काम, आणि आषाढात पुन्हा तेच. चौथ्या वर्षी शेवटी कारण सापडलं, आणि ते असं होतं की ते लिहून ठेवलंच पाहिजे असं वाटलं, कारण हीच चूक बरेच जण करत असणार.

आधी एक गोष्ट समजून घ्या, फायबरचं कवच स्वतः सहसा गळत नाही. हे ट्रेलर दोन साच्यांतून काढतात, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, आणि कमरेच्या पट्ट्यावर दोन्ही जोडतात. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये बोलर नावाचा अंड्यासारखा छोटा ट्रेलर निघाला तो याच पद्धतीचा, आणि ते जुने ट्रेलर आजही लोक वापरतात, कारण छपरावर सांधाच नाही. पाणी शिरतं ते नंतर पाडलेल्या भोकांतून. खिडक्या, छतावरचा व्हेंट (हवा जायचं झाकण), रिव्हेट, बाजूचे लाइट, सोलरची वायर आत घेतली ती जागा, दार. आमच्या ट्रेलरला मी मोजली तर लहानमोठी धरून शंभराच्या वर भोकं निघाली.

दुसरी गोष्ट, पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. कौलारू घरात राहिलेल्यांना हे नवीन नाही, कौल फुटतं माजघरावर आणि पाणी वाशावरून ओघळत येऊन ठिबकतं भलत्याच खोलीत. ट्रेलरमध्ये तर आतून फोम आणि कार्पेट चिकटवलेलं असतं, त्यामुळे पाणी कवच आणि फोमच्या मधून गुपचूप खाली उतरतं आणि ट्रेलर ज्या बाजूला किंचित कललेला असेल त्या कोपऱ्यात जमतं. आमचा मागे डावीकडे कललेला होता, म्हणून कायम तोच कोपरा. म्हणजे तीन वर्षं मी ज्या कोपऱ्याबाहेर सिलिकॉन भरत होतो त्या कोपऱ्याचा तसा काही दोषच नव्हता.

आता तपासणी. पहिला प्रश्न, हे पावसाचं पाणी आहे की घामाचं, म्हणजे दमट हवा गार भिंतीला लागून सुटलेलं? हसू नका, कोकणात अर्धी तक्रार घामाची निघते. बाहेर २७ अंश आणि दमटपणा ८५ टक्के असेल तर ती हवा २४ अंशांच्या आसपास गार झाली की पाणी सोडायला लागते, आणि पावसाळी रात्री पातळ फायबर तेवढं गार सहज होतं, एसी लावलात तर बोलायलाच नको. त्यात दोन माणसं दारं-खिडक्या लावून रात्रभर झोपली तर श्वास आणि घाम मिळून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. आणि गॅस. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन आतच फिरतं, म्हणजे सकाळचा चहा आणि पेज खिडकी न उघडता केलीत की तेवढी ओल तुम्हीच आत आणलीत. टेस्ट अगदी सोपी आहे, ओल्या जागेचं कार्पेट वीतभर सोडवा, भिंत फडक्याने कोरडी करा आणि स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा. सकाळी फॉईलच्या आपल्याकडच्या बाजूला थेंब असतील तर तो घाम, फॉईलच्या मागे पाणी असेल तर ते बाहेरून आलेलं. आमच्याकडे दोन्ही निघालं. बेडच्या वरच्या भागात घाम, खालच्या कोपऱ्यात गळती, आणि मी दोन्हीला एकच आजार समजत होतो.

मग पावसाची वही ठेवली. रोज सकाळी पाऊस किती पडला, वारा कुठला होता, कोपऱ्यात पाणी आलं की नाही, एवढंच. पंधरा दिवसांत लक्षात आलं की सरळ धो धो पडणारा पाऊस कितीही पडो, कोपरा कोरडा. समुद्राकडून झड, म्हणजे वाऱ्याने तिरका मारणारा पाऊस, लागली की पाणी आलंच. खरं तर हे आईने त्याआधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "अरे, पडवीला झाप आपण पश्चिमेला बांधतो ना, मग तुझ्या गाडीची कुठली बाजू पश्चिमेला आहे ते बघितलंस का?" बघितलं, तर डावी बाजू, ज्या बाजूला मोठी सरकती खिडकी आहे. म्हणजे छप्पर बाद, व्हेंट बाद, संशय त्या एका भिंतीवर. तुम्हीही हे करा, वारा बघितल्याशिवाय ट्यूबला हात लावू नका.

नंतर नळी टेस्ट. दोन माणसं लागतात, एक बाहेर नळी घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. खालून सुरुवात करायची, हे महत्त्वाचं, कारण वरून पाणी सोडलंत तर ते सगळ्या भोकांवरून वाहत जातं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आधी कमरेचा पट्टा, दहा मिनिटं, मग लाइट, दहा मिनिटं, मग खिडकीची खालची कड, मग बाजूच्या कडा, मग वरची. घाई नको, पाण्याला आतून वाट काढायला वेळ लागतो. आतल्या माणसाने संशयाच्या जागी टॅल्कम पावडर भुरभुरून ठेवायची, थेंब आला की ओघळाची रेघ स्पष्ट दिसते.

त्याहून भारी टेस्ट म्हणजे ब्लोअरची. एका खिडकीत पुठ्ठा टेपने बसवा, त्याला भोक पाडून ब्लोअरचं तोंड आत घाला, बाकी सगळं बंद करा, सिंक आणि बाथरूमच्या ड्रेनमध्येसुद्धा फडकी कोंबा आणि आत हवा सोडा. मग बाहेरून भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रे करत फिरा, जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. गॅसचा सिलिंडर आधी बाहेर काढा आणि ब्लोअर बेताचा चालवा, फुगा फुगवायचा नाहीये. आमच्याकडे दोन रिव्हेट, एक बाजूचा लाल लाइट आणि खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला बुडबुडे आले. लाइट आणि रिव्हेट त्याच आठवड्यात नीट केले, आणि पुढच्या झडीत पाणी कमी झालं पण थांबलं नाही.

खरं कारण त्या खिडकीत होतं. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी आडवी भोकं असतात, घरातल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनाही असतात, निरखून बघा. काचेच्या रबर बीडिंगमधून थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणारच, ते धरूनच खिडकी बनवलेली असते, आणि ते पाणी या भोकांतून बाहेर पडतं. मी पहिल्याच वर्षी ती भोकं फट समजून सिलिकॉनने बुजवली होती. त्यामुळे झड लागली की ट्रॅक तळ्यासारखा भरायचा आणि पाणी आतल्या कडेवरून उलटून फोमच्या मागे उतरायचं. दर वर्षी मी त्यावर आणखी एक थर देत होतो, म्हणजे गळती बंद करायला गेलो आणि गळतीच पक्की केली. हे कळलं त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण त्या पाण्यात एक चांगला प्लाय आणि दोन गाद्या गेल्या होत्या.

वाऱ्याचा हिशोबही इथे सांगतो, कारण मला तो समजल्यावर सगळं जुळलं. ताशी ६० किलोमीटरचा वारा भिंतीवर सरळ आदळला तर त्याचा दाब पाण्याला साधारण १७ मिलिमीटर उंच ढकलू शकतो. आमच्या खिडकीच्या ट्रॅकची आतली कड मोजली तर १२ मिलिमीटर. म्हणजे भोकं मोकळी असली तरी मोठ्या वाऱ्यात त्याच भोकांतून पाणी उलटं आत येणार. उपाय दोन. एक, भोकांवर बाहेरून प्लास्टिकची छोटी झाकणं मिळतात ती बसवली, पाणी बाहेर जातं पण वारा थेट आत घुसत नाही. दुसरा म्हणजे मे अखेरीला ट्रेलर फिरवून त्याचं नाक नैऋत्येला केलं, म्हणजे झड गोल पुढच्या भागावर फुटते, तिथे आमच्याकडे खिडकी नाही. जागा असेल त्यांनी हे आधी करा, एक पैसा लागत नाही.

आता खिडकी पुन्हा कशी बसवायची. इथे खरी मेहनत आहे आणि इथे आळस केलात तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणून वरून थर देणं म्हणजे काहीच न करणं. शिवाय बाजारातलं साधं सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून ॲसिड सुटतं आणि ते धातूला गंज धरवतं, खाऱ्या वाऱ्यात तर लवकरच. खिडकी पूर्ण काढावी लागते. आतल्या रिंगचे स्क्रू सोडवले की बहुतेक खिडक्या बाहेरच्या बाजूला निघतात, फक्त पडू नये म्हणून बाहेर कोणीतरी धरायला हवं. जुना माल प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, मग सिलिकॉन रिमूव्हर, मग मऊ पॉलिश पेपर. फायबरवर ॲसिटोन चालतं पण काच ॲक्रिलिकची (प्लास्टिकची) असेल तर तिला चुकूनही लावू नका, बारीक तडे जातात. साफ झालं की नाही हे बघायला जागेवर पाणी शिंपडा, ते सपाट पसरलं तर साफ, अळूच्या पानावर बसतात तसे थेंब गोळा झाले तर अजून सिलिकॉन आहे, पुन्हा घासा.

मग ब्यूटाइल टेप. करड्या किंवा काळ्या च्युइंगमसारखी पट्टी असते, पत्र्याच्या शेडवाले पत्र्यांच्या जोडात वापरतात त्यांच्याकडे मिळते. ३ मिलिमीटर जाड आणि २० ते २५ मिलिमीटर रुंद घ्या. खिडकीच्या फ्रेमच्या कडेला सलग फिरवायची, जोड वरच्या कडेला नको, खाली यायला हवा आणि एकावर एक चढवायचा. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे, आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागून टेप मऊ झाली की पुन्हा एक फेरा. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पातीने कापायची. हिचा मोठा गुण म्हणजे ती कधी दगडासारखी वाळत नाही, ट्रेलर रस्त्यावर हादरतो तेव्हा सांध्यासोबत हलते. आणि आपल्या रस्त्यांवर, घाट असो की महामार्गाचं काम चालू असलेला पट्टा, ट्रेलर किती हादरतो ते ओढणाऱ्याला माहीत आहे. शिवाय वाळायची वाट बघायची नसल्यामुळे श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली आणि जागा खडखडीत कोरडी केली तरी काम होतं. पॉलीयुरेथेन सीलंट खिडकीला लावू नका, ते इतकं धरतं की पुढच्या वेळी खिडकी तुटून निघेल.

रिव्हेटचं थोडक्यात. गॅरेजवाले रिपिट म्हणतात तेच, बाहेरून ॲल्युमिनियम पण आतली काडी लोखंडाची, ती काडी गंजते आणि मधून पाणी झिरपतं. बंद तोंडाचे रिव्हेट घ्या, बहुतेक ठिकाणी ४.८ मिलिमीटरचे बसतात, खाली ब्यूटाइलचा वाटाण्याएवढा गोळा आणि आतून वायसर. जिथे स्टीलचा स्क्रू लागतो तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा, नेहमीच्या ३०४ ला समुद्राजवळ एकदोन वर्षांत चहाच्या डागासारखा गंज दिसायला लागतो. आणि स्टील ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचं वायसर घाला, नाहीतर मिठाच्या ओलीत ॲल्युमिनियम पांढरं होऊन खाल्लं जातं.

कवचाला खरंच तडा असेल, नारळ पडून, फांदी पडून, वानरांनी उड्या मारून, तर होड्यांचं फायबरकाम करणारे काका गाठा. आपल्याकडे हे भाग्य आहे, हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, मालवण, प्रत्येक बंदराजवळ फायबरच्या होड्या दुरुस्त करणारी माणसं आहेत आणि ट्रेलरचं कवच म्हणजे तेच मॅट (काचेच्या तंतूंची चादर) आणि तेच रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव). फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि तेव्हा ते गडबडीत असतात, म्हणून मार्चमध्येच जा. आमच्या काकांनी तड्यावर वरवर काही न लावता आधी तो व्ही आकारात खोदला, टोकांना बारीक भोकं पाडली म्हणजे तडा पुढे जात नाही, आणि आतून मॅटचे तीन थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. मी विचारलं जुलैत केलं असतं तर, ते म्हणाले, "ओल्या हवेत रेझिन चिकट राहतं, आमची होडी पण आम्ही त्या दिवशी हातात घेत नाही." स्वतः करणार असाल तर हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्केच, डोळ्यांवर चष्मा हवाच कारण हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी.

कुजलेलं प्लाय तसंच ठेवून वर नवीन गादी टाकू नका. आम्ही टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितलं, जिथे तो मऊ घुसला तिथून आणखी वीतभर पुढपर्यंत कापून काढलं. नवीन घेताना दुकानदार वॉटरप्रूफ म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका, शिक्का बघा, मरीन प्लायवर आयएस ७१० असतं, साध्यावर आयएस ३०३. आणि कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात मारा, पाणी प्लायच्या तोंडावरून कमी आणि कडेवरून जास्त पितं.

त्याच ओल्या कोपऱ्यातून मागच्या लाइटची अर्थची वायर जात होती, कापून बघितली तर आतली तार हातभर हिरवी. म्हणजे इंडिकेटर कधी लागायचा कधी नाही, त्याचंही मूळ हेच. तिथे कलई केलेली तार टाकली, जोडावर ग्रीस आणि हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी.

आता घामाचं काय केलं. छताच्या व्हेंटमध्ये १२ व्होल्टचा पंखा लावला जो हवा बाहेर फेकतो, आणि वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी बोटभर उघडी, रात्रभर. पंखा असून खिडकी बंद ठेवली तर उपयोग नाही, हवा येणार कुठून. गॅसवरचं रांधणं पावसाळ्यात बाहेर चांदणीखाली, म्हणजे ट्रेलरच्या कापडी छपराखाली. आणि गादीखाली काथ्याची जाड चटई. बाहेरून महागड्या प्लास्टिकच्या जाळ्या मागवायचा विचार होता, पण काथ्या मोकळा असतो, मधून हवा खेळते आणि वाडीत त्याला कमी नाही. दर दोन दिवसांनी गादी उभी करायची हे मात्र करावंच लागतं. ट्रेलर रिकामा असेल तर कपाटं, फ्रिजचं दार, ड्रॉवर सगळं उघडं ठेवा.

ताडपत्रीत गुंडाळून ठेवणारे बरेच दिसतात, कृपया करू नका. आत वाफ कोंडते आणि वाऱ्याने फडफडून ताडपत्री वरचा चकाकीचा थर घासून काढते. बांबूचा उतरता मांडव घाला, ट्रेलरपासून हातभर वर, बाजू उघड्या. आणि माडाखाली उभा करू नका, हे सांगायची गरज नसावी पण आम्ही एक वर्ष केला होता. उभा करताना नाक किंचित वर, म्हणजे छपरावर डबकं साचत नाही. आमच्या छतावर व्हेंटच्या भोवती खोलगट झालं होतं, आतून एक आधाराची पट्टी दिली.

या आषाढात तीन दिवस सलग झड होती, दिवे गेलेले, समुद्राचा आवाज घरापर्यंत येत होता. चौथ्या दिवशी सकाळी बेड उचलला, कोपऱ्यात ठेवलेले टिश्यू कोरडे, प्लायवर ओलीचा मीटर १६ टक्के दाखवत होता, २० च्या वर गेला की कुजायचा धोका असतो. बायको त्या रात्री ट्रेलरमध्ये झोपली. दाराच्या खालच्या बिजागरीजवळ मात्र पावडरवर एक रेघ दिसली आहे, दार बहुतेक थोडं लोंबलंय आणि रबर खालून दाबलं जात नाहीये. उघडीप मिळाली की तिथे नळी लावून बघणार आहे.